ऋण गुणिले ऋण

पूर्णांक संख्यांच्या गुणाकारात दोन कामे असतात. पहिले, चिन्हे बाजूला ठेवून संख्यांचा नेहमीचा गुणाकार करणे. दुसरे, उत्तराचे चिन्ह ठरवणे. पहिले काम पाढे येणाऱ्याला जमतेच. दुसऱ्याचा नियम एका ओळीत मावतो: दोन्ही चिन्हे सारखी असतील तर गुणाकार धन, वेगवेगळी असतील तर ऋण. सातवीत पोचलेल्या मुलांना हा नियम लवकर पाठ होतो. मात्र उणे तीनला उणे चारने गुणल्यावर अधिक बारा का यावेत, या प्रश्नाचे उत्तर पाठांतरातून मिळत नाही. ते मिळवता येते, आणि त्यासाठी सातवीच्या पुढचे काहीही लागत नाही.

या उत्तराचा बुलढाणा जिल्ह्याच्या परिसराशी जवळचा संबंध आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेला असलेल्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणे येथे बाराव्या शतकातील गणिती भास्कराचार्य यांच्या घराण्याचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथावर ‘बीजपल्लव’ ही टीका लिहिणारे कृष्ण दैवज्ञ यांचे घराणे विदर्भातील पयोष्णी नदीकाठच्या दधिग्रामचे होते. पयोष्णी हे पूर्णा नदीचे जुने नाव. हीच पूर्णा बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागातून वाहत पुढे तापीला मिळते.

चिन्ह काय सांगते

मोजणी कोठून सुरू करायची ते ठरले की तेथे शून्य येते. शून्याच्या एका बाजूला धन संख्या आणि दुसऱ्या बाजूला ऋण संख्या. लोणारच्या विवराचा काठ शून्य मानला आणि वरची दिशा धन धरली, तर विवराचा तळ सुमारे −१५० मीटरवर येतो. खालची दिशा धन धरली तर तोच तळ +१५० वर येतो. विवर जितके खोल आहे तितकेच राहते, बदलते ते फक्त चिन्ह. म्हणजे ऋण चिन्ह ‘कमी’ किंवा ‘वाईट’ असे काही सांगत नाही. ठरवलेल्या दिशेच्या उलट, एवढेच ते सांगते.

सोळावे शतक संपून सतरावे सुरू होण्याच्या सुमारास कृष्ण दैवज्ञ यांनी नेमके हेच मांडले. त्यांचे वडील बल्लाळ विदर्भातून काशीला जाऊन स्थायिक झाले होते, आणि कृष्ण दैवज्ञ पुढे जहांगीर बादशहाच्या आश्रयाला होते. ‘बीजपल्लवा’त त्यांनी ऋणत्वाचे तीन प्रकार सांगितले: देशाचे (म्हणजे स्थानाचे), कालाचे आणि वस्तूचे. तिन्हींत ऋणत्व म्हणजे वैपरीत्य, म्हणजेच उलटेपणा. पूर्व धन मानली तर पश्चिम ऋण, पुढचा काळ धन मानला तर मागचा काळ ऋण, आणि मालकीचे धन हे धन तर देणे हे ऋण. ही तिहेरी विभागणी गुणाकार समजून घेताना फार उपयोगी पडते, हे पुढे दिसेल.

प्रत्येक संख्येला एक विरुद्ध संख्या असते. ७ ची विरुद्ध संख्या −७ आणि −७ ची विरुद्ध संख्या ७. या दोघींची बेरीज शून्य येते. पुढच्या सिद्धतेत ही गोष्ट कामी येणार आहे.

धन गुणिले ऋण

धन संख्येने गुणणे म्हणजे तीच संख्या तितक्या वेळा घेऊन बेरीज करणे. त्यामुळे ४ × (−३) चे उत्तर शोधणे सोपे आहे:

(−३) + (−३) + (−३) + (−३) = −१२

विहिरीतील पाण्याची पातळी दर महिन्याला ३ मीटरने उतरत असेल, तर चार महिन्यांत पातळीत −१२ मीटर बदल होतो. ऋण बदल चार वेळा घडला तरी तो ऋणच राहतो.

आता (−३) हाच गुणक म्हणून आला, तर? म्हणजे ४ ला (−३) ने गुणायचे. ‘उणे तीन वेळा बेरीज’ करता येत नाही, म्हणून येथे गुणाकाराचा दुसरा गुणधर्म कामी येतो. ४ × ३ आणि ३ × ४ यांचे उत्तर एकच असते. संख्यांचा क्रम बदलल्याने गुणाकार बदलत नाही. हा क्रमनिरपेक्ष गुणधर्म ऋण संख्यांनाही लागू ठेवला, तर (−३) × ४ = ४ × (−३) = −१२. धन आणि ऋण यांचा गुणाकार, कोणतीही संख्या आधी आली तरी, ऋण येतो.

पाढा शून्याच्या पलीकडे

आता दोन्ही संख्या ऋण. उत्तराचा पहिला सुगावा पाढ्यातच सापडतो. (−३) चा पाढा मोठ्या गुणकाकडून लहान गुणकाकडे लिहिला तर असा दिसतो:

(−३) × ३ = −९
(−३) × २ = −६
(−३) × १ = −३
(−३) × ० = ०

गुणक एकेकाने घटतो आहे, तसे उत्तर तीन-तीनने वाढते आहे: −९, −६, −३, ०. गुणक शून्याखाली गेला म्हणून ही चाल मध्येच थांबण्याचे किंवा उलटी फिरण्याचे काही कारण नाही. चाल तशीच ठेवली तर पुढच्या ओळी अशा येतात:

(−३) × (−१) = ३
(−३) × (−२) = ६
(−३) × (−३) = ९
(−३) × (−४) = १२

उत्तर मिळाले, पण ते अजून सिद्ध झालेले नाही. आकड्यांची एखादी चाल काही ओळी टिकली म्हणून ती पुढेही टिकतेच असे गणितात मानत नाहीत. त्यासाठी ठोस कारण हवे.

दुसरे उत्तर का शक्य नाही

ते कारण वितरण गुणधर्मात आहे. एखाद्या संख्येचे दोन भाग पाडून प्रत्येक भागाला वेगवेगळे गुणले आणि मग बेरीज केली, तरी गुणाकार तोच येतो. ५ × (२ + ६) आणि ५ × २ + ५ × ६ या दोन्हींचे उत्तर ४०. तोंडी गुणाकार करणारा प्रत्येक जण हा गुणधर्म नकळत वापरतो.

आता (−३) ला शून्याने गुणावे, आणि तो शून्य ४ + (−४) असा लिहावा. शून्याने गुणल्यावर शून्यच येणार, म्हणून

(−३) × [४ + (−४)] = ०

कंस वितरण गुणधर्माने सोडवला की

(−३) × ४ + (−३) × (−४) = ०

यातला पहिला गुणाकार आधीच माहीत आहे: −१२. म्हणून

−१२ + (−३) × (−४) = ०

−१२ मध्ये काय मिळवले म्हणजे शून्य होईल? त्याची विरुद्ध संख्या, +१२. दुसरी कोणतीही संख्या चालत नाही. म्हणून (−३) × (−४) = १२. या मांडणीत ३ आणि ४ च्या जागी कोणत्याही संख्या घेतल्या तरी तर्क तोच राहतो, म्हणून नियम सर्व पूर्णांकांना लागू होतो.

हीच गोष्ट एका मोठ्या गुणाकारावर तपासता येते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त गुणाकाराचे उदाहरण म्हणून १३५ ला १२ ने गुणायला सांगितले आहे, उत्तर १६२०. गुणकाचे सोयीचे भाग पाडण्याची रीतही तेथेच आहे. गुणकात एखादी संख्या मिळवून गुणायचे आणि मिळवलेल्या संख्येचा गुणाकार शेवटी वजा करायचा. १२ च्या जागी २० घेतले तर ८ जास्त झाले, म्हणून १२ = २० + (−८):

१३५ × २० = २७००
१३५ × (−८) = −१०८०
बेरीज १६२०

चिन्हांच्या नियमाची उपपत्ती देताना कृष्ण दैवज्ञ यांनीही गुणकाचे धन आणि ऋण असे भाग पाडण्याचा हाच मार्ग घेतला. धन गुणिले ऋण हे ऋणच असले पाहिजे, नाहीतर भागांची बेरीज मूळ गुणाकाराशी जुळणार नाही, हा त्यातला गाभा.

एक पाऊल पुढे जाऊन गुण्याचेही भाग पाडावेत: १३५ = १४० + (−५). आता चार लहान गुणाकार होतात:

१४० × २० = २८००
१४० × (−८) = −११२०
(−५) × २० = −१००
(−५) × (−८) = ?

पहिल्या तिन्हींची बेरीज १५८०. खरे उत्तर १६२० आहे, हे आधीच माहीत आहे. म्हणजे चौथा गुणाकार +४० असलाच पाहिजे. तो −४० मानला तर एकूण १५४० येतात आणि १३५ × १२ सारखा साधा गुणाकार चुकतो. ऋण गुणिले ऋण धन मानले नाही, तर रोजचे हिशेबच जुळत नाहीत.

देश आणि काल

कृष्ण दैवज्ञांनी सांगितलेले देश आणि काल हे दोन उलटेपणा एकाच उदाहरणात एकत्र आले, की नियम डोळ्यांसमोर उभा राहतो. मुंबई–नागपूर रेल्वेमार्ग बुलढाणा जिल्ह्यात मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो. जलंब स्थानक शून्य मानावे. पूर्वेची, म्हणजे शेगावची दिशा धन आणि पश्चिमेची, म्हणजे नांदुऱ्याची दिशा ऋण. वेळेच्या बाबतीत दुपारचे बारा शून्य धरावेत. बारानंतरची वेळ धन, बाराआधीची ऋण. समजा एक गाडी ताशी ६० किलोमीटर या एकसारख्या वेगाने धावते आहे आणि बरोबर बारा वाजता जलंबवर आहे. तिचे स्थान काढायला वेगाला वेळेने गुणायचे. चार शक्यता होतात.

गाडी पूर्वेकडे चालली आहे, वेळ दुपारी दोन: (+६०) × (+२) = +१२०. गाडी जलंबच्या पूर्वेला १२० किमी.

गाडी पूर्वेकडे चालली आहे, वेळ सकाळी दहा: (+६०) × (−२) = −१२०. जी गाडी बारा वाजता जलंबला पोचून पूर्वेकडे जाणार, ती दहा वाजता पश्चिमेलाच असणार.

गाडी पश्चिमेकडे चालली आहे, वेळ दुपारी दोन: (−६०) × (+२) = −१२०. गाडी जलंबच्या पश्चिमेला १२० किमी.

गाडी पश्चिमेकडे चालली आहे, वेळ सकाळी दहा: (−६०) × (−२) = +१२०. पश्चिमेकडे जाणारी गाडी बारा वाजता जलंबवर यायची असेल, तर दोन तास आधी ती पूर्वेलाच असली पाहिजे.

चौथ्या ओळीत कोणताही नियम वापरलेला नाही. गाडी दहा वाजता कोठे होती याचा नीट विचार केला, की उत्तर आपोआप धन येते. दिशा उलटी आणि काळही उलटा, म्हणून स्थान पुन्हा मूळ बाजूला.

विहिरीची पातळी आणि कर्जाचे हप्ते

हाच विचार शेतातल्या विहिरीला लावता येतो. पावसाळ्यात भरलेल्या विहिरीची पातळी हिवाळ्यापासून उतरू लागते आणि मे महिन्यात तळाकडे जाते. जमिनीची पातळी शून्य मानली तर विहिरीतील पाण्याची पातळी ऋण संख्येने लिहिता येते. समजा फेब्रुवारीत पाणी −९ मीटरवर आहे आणि पातळीत दरमहा −२ मीटर बदल होतो आहे.

दोन महिन्यांनी, एप्रिलमध्ये: बदल (−२) × २ = −४. पातळी −९ + (−४) = −१३ मीटर.

तीन महिन्यांपूर्वी, नोव्हेंबरमध्ये: बदल (−२) × (−३) = +६. पातळी −९ + ६ = −३ मीटर.

पाणी उतरत असेल तर पूर्वी ते वर असणारच. ऋण गुणिले ऋण यातून आलेले +६ म्हणजे तेच वर असणे. पुढचा अंदाज आणि मागची नोंद एकाच सूत्राने काढता येते, कारण सूत्रात काळ धन असो वा ऋण, चिन्हांचा नियम दोन्हींकडे सारखा चालतो.

तिसरा प्रकार वस्तूचा, म्हणजे धन आणि देणे यांचा. एका शेतकऱ्याच्या नावावर कर्जाचे काही हप्ते आहेत आणि प्रत्येक हप्ता २००० रुपयांचा आहे. प्रत्येक हप्ता म्हणजे −२०००. आणखी ५ हप्ते वाढले तर परिस्थितीत ५ × (−२०००) = −१०,००० रुपयांचा फरक पडतो. ५ हप्ते माफ होऊन खात्यातून निघाले, तर (−५) × (−२०००) = +१०,०००. देणे काढून घेतले जाणे हे तितके धन मिळण्याइतकेच आहे.

नियम कोणी, केव्हा लिहिला

धन, ऋण आणि शून्य यांच्या गणिताचे पूर्ण नियम ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात दिले. दोन धनांचा गुणाकार धन, दोन ऋणांचा धन, धन आणि ऋण यांचा ऋण, आणि शून्याशी कोणाचाही गुणाकार शून्य, हे सारे तेथे आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे भाग असलेला ‘सिद्धान्तशिरोमणी’ त्यांनी ११५० मध्ये पूर्ण केला. ‘बीजगणिता’ची सुरुवातच धन आणि ऋण संख्यांच्या क्रियांनी होते. ऋण संख्या ओळखता यावी म्हणून अंकाच्या डोक्यावर बिंदू देण्याची पद्धत त्यात आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याचे ज्योतिषी होते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्यांनी पाटणे येथे मठ काढला. १२०७ च्या शिलालेखात त्याची नोंद आहे.

धन आणि ऋण दोन्ही संख्यांचा वर्ग धनच येतो, हे भास्कराचार्यांनी स्पष्ट सांगितले. त्यावरून त्यांनी दोन निष्कर्ष काढले: धन संख्येला एक धन आणि एक ऋण अशी दोन वर्गमुळे असतात, आणि ऋण संख्येला वर्गमूळ नसते, कारण ती कशाचाच वर्ग नसते. पूर्णांकांच्या जगात हे आजही खरे आहे.

‘बीजगणिता’तील वानरांचे एक उदाहरण या नियमाचा कस पाहते. वानरांच्या कळपाचा पाचवा भाग घेऊन त्यातून तीन वजा करायचे. जे उरेल त्याच्या वर्गाइतकी वानरे गुहेत गेली आणि एकच फांदीवर दिसते आहे. तर कळपात किती वानरे? एक उत्तर ५०: पाचवा भाग १०, तीन वजा जाता ७, त्याचा वर्ग ४९, आणि फांदीवरचे एक मिळून ५०. दुसरे उत्तर ५: पाचवा भाग १, तीन वजा जाता −२, त्याचा वर्ग (−२) × (−२) = ४, आणि एक मिळून ५. आकडेमोडीत दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. भास्कराचार्यांनी मात्र दुसरे उत्तर घेतले नाही, कारण त्यात मध्येच ‘उणे दोन वानरे’ येतात आणि असे लोकांना पटत नाही. गणिताचा नियम नेहमी खरा असतो, पण उत्तर स्वीकारताना उदाहरणातली वस्तू ऋण असू शकते का, हे वेगळे पाहावे लागते. ती जागरूकता या निर्णयात आहे.

युरोपात ऋण संख्यांबद्दलची शंका यानंतरही अनेक शतके टिकली. १७५८ मध्ये इंग्लंडच्या फ्रान्सिस मासेरेस यांनी बीजगणितातून ऋण संख्या काढून टाकाव्यात, अशी बाजू मांडणारे पुस्तक लिहिले. १७७० च्या सुमारास लिओनार्ड ऑयलर यांनी मात्र आपल्या बीजगणिताच्या पुस्तकात ऋण संख्या देण्याच्या रूपाने समजावल्या आणि एक नेटका युक्तिवाद दिला: (−३) × (−४) चे उत्तर +१२ किंवा −१२ यांपैकीच एक असणार, −१२ हे तर (−३) × ४ चे उत्तर आहे, तेव्हा (−३) × (−४) साठी +१२ च उरते.

अनेक संख्यांचा गुणाकार, घात आणि भागाकार

तीन किंवा अधिक संख्या गुणायच्या असतील तर प्रत्येक टप्प्यावर चिन्ह ठरवत बसण्याची गरज नाही. दर दोन ऋण संख्यांची जोडी धन होते. म्हणून ऋण संख्या किती आहेत तेवढे मोजावे. त्या सम असतील तर उत्तर धन, विषम असतील तर ऋण.

(−२) × ३ × (−५) = ३० (दोन ऋण, म्हणून धन)
(−२) × (−३) × (−५) = −३० (तीन ऋण, म्हणून ऋण)

गुणाकारात कोठेही एक शून्य असले तर चिन्ह पाहण्याचे कारणच उरत नाही, उत्तर शून्य. एकाच ऋण संख्येच्या घातालाही हाच नियम लागतो: (−१) चा १०० वा घात १ आणि १०१ वा घात −१.

भागाकार ही गुणाकाराची उलट क्रिया आहे, म्हणून चिन्हांचा नियम तोच. (−१२) ÷ (−४) म्हणजे (−४) ला कशाने गुणले असता −१२ येतील? ३ ने. म्हणून उत्तर ३. (−१२) ÷ ४ = −३ आणि १२ ÷ (−४) = −३. शून्याने भागण्याला मात्र अर्थ नाही, चिन्ह कोणतेही असो.

नेहमी होणाऱ्या चुका

पहिली चूक गुणाकाराचा नियम बेरजेला लावण्याची. ‘उणे उणे अधिक’ हे शब्द डोक्यात बसले की (−५) + (−३) चे उत्तरही +८ लिहिले जाते. दोन देणी एकत्र केली तर देणे वाढते: (−५) + (−३) = −८. नियम (−५) × (−३) = १५ साठी आहे. चिन्ह ठरवण्याआधी मधली क्रिया बेरजेची आहे की गुणाकाराची, हे पाहिले पाहिजे.

दुसरी चूक कंसाची. (−३)² म्हणजे (−३) × (−३) = ९. पण कंस नसलेला −३² म्हणजे ३ चा वर्ग करून मग त्याची विरुद्ध संख्या घेणे: −९.

तिसरी चूक मिश्र उदाहरणांत क्रम विसरण्याची. −७ + (−४) × (−६) सोडवताना आधी गुणाकार: (−४) × (−६) = २४. मग बेरीज: −७ + २४ = १७. आधी बेरीज केली तर (−११) × (−६) = ६६ असे चुकीचे उत्तर येते, आणि त्यातले चिन्ह बरोबर असल्यामुळे चूक सहज लक्षात येत नाही.

वजाबाकीतही हाच नियम आहे. ५ − (−३) म्हणजे ५ + (−१) × (−३), म्हणजेच ५ + ३ = ८. कंसाबाहेरच्या वजा चिन्हाने आतल्या प्रत्येक पदाचे चिन्ह बदलते, ते याच कारणाने: −(४ − ९) = −४ + ९ = ५. आठवीत आणि पुढे बीजगणितातील कंस सोडवताना, समीकरणातील पदे एका बाजूकडून दुसरीकडे नेताना आणि बैजिक राशींचा गुणाकार करताना प्रत्येक पायरीवर हाच एक नियम वापरला जातो.